निवारा कोठे बांधावा?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को नावाचे शहर आहे. ह्या शहराच्या पूर्वेस एक विस्तीर्ण उपसागर असून त्याच्या काठाने एक रुंद रस्ता जातो. त्यास ‘एम्बार्कडेरो’ असे म्हणतात. हा शब्द मूळचा स्पॅनिश असून त्याचा अर्थ जहाजात चढण्या-उतरण्याचा धक्का असा आहे. एके काळी येथे खलाशांची व हमालांची वर्दळ असे. पुढे ह्या धक्क्यावरून वाहनांसाठी एक उंच दुमजली पूल बांधण्यात आला. १९८९ च्या भूकंपात तो नादुरुस्त झाला, म्हणून पाडून टाकण्यात आला. पूल गेल्यावर झाकलेला समुद्र पुन्हा दिसू लागला, काठावर फिरावयास प्रशस्त जागा झाली आणि जवळच उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील सदनिका श्रीमंतांनाच परवडतील अशा होत्या.

शहरात संगणकाच्या व्यवसायामुळे संपत्ती आली, परंतु माणसे वाढली त्या प्रमाणात घरे वाढली नाहीत. भाडी भडकली. ज्यांची नोकरी सुटली, जे आजारी पडले, ज्यांचे कुटुंब मोडले किंवा जे व्यसनांच्या आहारी गेले, अशांपैकी अनेकांना घर सोडून रस्त्यावर यावे लागले. जानेवारी २०१९ मध्ये एका रात्री शहरातील बेघरांची मोजणी झाली. तेव्हा अशी सुमारे ८,००० माणसे आढळली. त्यांपैकी ५,००० हून अधिक माणसे पदपथांवर, तंबूंत अथवा मोटारींत रात्र काढीत होती.

जुन्या निवाऱ्यांत अनेक बेघर लोक जावयास तयार नसत. तेथे पतिपत्नींना एकत्र राहता येत नसे. पाळलेला कुत्रा बाहेर सोडावा लागे आणि चारदोन बोचक्यांचा संसारही आत नेता येत नसे. ही अडचण ओळखून शहराने २०१५ साली एका जुन्या शाळेच्या जागेत नव्या पद्धतीचे केंद्र उघडले. तेथे माणसाला आपला जोडीदार, आपले सामान आणि आपले जनावर घेऊन येता येई. केंद्र रात्रंदिवस उघडे राही आणि तेथील सेवक त्याला औषधोपचार, सरकारी मदत व कायमचे घर मिळविण्यास साहाय्य करीत.

असेच एक मोठे केंद्र एम्बार्कडेरोवरील एका वाहनतळाच्या जागी उभारावे, अशी सूचना त्या वेळच्या महापौर लंडन ब्रीड ह्यांनी मार्च २०१९ मध्ये मांडली. ब्रीड ह्यांचे बालपण गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी वसाहतीत गेले होते. ही जागा बंदर खात्याच्या मालकीची होती. तेथे सुमारे २०० खाटांची सोय होणार होती.

सूचना जाहीर होताच आजूबाजूच्या इमारतींतील रहिवासी अस्वस्थ झाले. त्यांचे म्हणणे असे होते, “येथे लहान मुले राहतात, प्रवासी येतात. व्यसनी माणसे येथे जमतील, चोऱ्यामाऱ्या वाढतील आणि घरांच्या किमती उतरतील. शिवाय आम्हांला आधी विचारावयास नको होते काय? एवढा मोठा निवारा एकाच वस्तीत कशासाठी?” ह्यांतील काही शंका निव्वळ भीतीपोटी आलेल्या होत्या, परंतु सर्वच काही निराधार नव्हत्या. आपल्या दाराशी काय घडणार हे वेळेवर कळावे, अशी अपेक्षा नागरिकाने केली तर ती गैर नाही.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणत, “बेघर माणसे कोठून तरी येथे यावयाची आहेत असे नव्हे. ती आजच ह्या रस्त्यावर निजतात. प्रश्न एवढाच आहे, की त्यांनी उघड्यावर निजावे की छपराखाली? निवारा हवा असे सर्वच म्हणतात, परंतु तो दुसऱ्याच्या गल्लीत हवा असे जर प्रत्येक गल्लीने म्हटले, तर तो बांधावयाचा कोठे?”

वाद चिघळला. विरोधकांनी न्यायालयीन लढ्यासाठी वर्गणी गोळा केली. ती पाहून निवाऱ्याच्या समर्थकांनीही वर्गणी सुरू केली आणि त्यांची रक्कम विरोधकांच्या रकमेहून मोठी झाली. एप्रिलमधील एका सभेत तर महापौर बोलावयास उभ्या राहिल्या असता इतका आरडाओरडा झाला, की त्यांचे शब्द कोणास ऐकू येईनात.

मात्र ह्या आरडाओरड्यामागील शंका शहराच्या कारभाऱ्यांनी अगदीच दुर्लक्षिल्या नाहीत. त्यांनी योजनेत फेरबदल केले. प्रथम १३० खाटा ठेवाव्यात व पुढे हळूहळू त्या २०० पर्यंत वाढवाव्यात असे ठरले. जागेचा करार चार वर्षांऐवजी आरंभी दोन वर्षांचाच करण्याचे ठरले. परिसरात पोलिसांची गस्त वाढविण्याचे वचन देण्यात आले. त्या विभागाच्या लोकप्रतिनिधीने तर अशी केंद्रे शहराच्या प्रत्येक विभागात असावीत असे सुचविले. २३ एप्रिल २०१९ रोजी बंदर मंडळाने योजनेस एकमताने संमती दिली. काही रहिवासी न्यायालयात गेले, परंतु बांधकाम थांबविण्यास न्यायालयाने नकार दिला. त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर केंद्र उघडले.

एका केंद्राने शहराचा प्रश्न सुटला नाही. जानेवारी २०२४ च्या मोजणीत बेघरांची संख्या ८,३०० हून अधिक भरली. निवाऱ्यातील खाट म्हणजे घर नव्हे. माणसाला परवडेल असे घर मिळेपर्यंतचा तो एक थांबा आहे. घरेच अपुरी असतील, तर थांब्यावरील माणसे पुढे जाणार तरी कोठे? तरीही थंडीच्या रात्री उघड्यावर कुडकुडणाऱ्याला त्या थांब्याचे मोल फार मोठे असते.

हा प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोपुरताच नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात १७ लाखांहून अधिक माणसे बेघर आढळली. मोठ्या शहरांत दर १ लाख लोकसंख्येमागे निदान एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावले. असा प्रत्येक निवारा कोणत्या ना कोणत्या वस्तीतच उभा राहावयाचा आहे आणि त्या वस्तीला शेजाऱ्यांविषयी शंका असणारच. ‘येथे नको’ एवढेच ओरडून सांगितले, तर त्या शंकेचे उत्तर मिळत नाही. खाटा किती, राखण कोणाची, मुदत केवढी, असे नेमके प्रश्न विचारले म्हणजे त्यांतून अटी ठरतात आणि अटी ठरल्या म्हणजे मार्ग निघतो. मात्र ज्याच्या निजण्याच्या जागेविषयी हा सारा वाद चालतो, तो माणूस पुष्कळदा सभेत हजर नसतो. निर्णय घेताना त्याचीही आठवण ठेवणे, हे चांगल्या नागरिकाचे कर्तव्य होय.

स्वाध्याय

१. जुन्या निवाऱ्यांत जाण्यास बेघर लोक का तयार नसत?
२. रहिवाशांच्या कोणत्या शंका तुम्हांला योग्य वाटतात? कोणत्या वाटत नाहीत? कारणे द्या.
३. तुमच्या वस्तीत निवारा बांधावयाचा ठरला आहे, असे समजून वर्गात दोन्ही बाजूंनी चर्चा करा आणि सर्वांना मान्य होतील अशा तीन अटी लिहा.