भुंगा आणि वटवाघूळ

या लेखात मी दोन बदनाम प्राण्यांची तुलना केली आहे. एक आमच्या पडवीच्या वाशात राहतो, दुसरा ओढ्याकाठच्या वडावर.

आमच्या वाशाला बोट जाईल एवढे गोल भोक पडले. खाली भुसा सांडायचा. आजी म्हणाली, "मेला भुंगा घर खातोय, बुजव ते भोक!" मी चिखलसुद्धा कालवला. पण गुरुजी म्हणाले, "आधी आठ दिवस बघ, मग ठरव." म्हणून मी पाहिले, विचारले आणि लिहून ठेवले.

भुंगा : हा मधमाशीच्याच कुळातला, पण एकटा राहणारा. त्याला पोळे नाही, कामकरी माश्या नाहीत. मादी लाकूड पोखरते, पण खात नाही. आत पराग आणि मध यांचा गोळा ठेवून त्यावर एक अंडे घालते व भुशाची भिंत उभारते. अशा थोड्याच खोल्या होतात. नराला नांगी नसते. मादी डिवचल्याशिवाय सहसा डसत नाही.

वटवाघूळ : हा पक्षी नव्हे. मादी पिलाला अंगावर पाजते. वडावरची मोठी जात शेकड्यांनी लटकते. पंख पसरले की सुमारे ४ फूट भरतात. लोक त्याला आंधळे म्हणतात, पण ते खोटे आहे. ही जात डोळ्यांनी पाहते आणि वासाने फळ शोधते.

फरक : भुंग्याला सहा पाय व चार पंख. वटवाघळाचे पंख म्हणजे लांब बोटांवर ताणलेली कातडी. भुंगा बहुधा दिवसा फिरतो, वटवाघूळ रात्री. पण भीमाशंकरच्या जंगलात रात्री उडणारा भुंगाही आहे. नुसत्या चांदण्यांच्या उजेडात त्याला रंग ओळखता येतात, हे शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले.

साम्य : दोघेही आपल्या कामाचे. वांग्याच्या फुलातले पराग सहज सुटत नाहीत. भुंगा फूल धरून घूं घूं करतो, त्या थरथरीने ते झडतात. वटवाघूळ वड-उंबराच्या बिया लांब नेऊन टाकते. दुसरे साम्य म्हणजे दोघांनाही पिले थोडीच. वटवाघळाला तर वर्षाला बहुधा एकच.

गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत वडाखाली फटाके उडवले. सकाळी खाली एक पिलू मरून पडले होते. त्याच्या आईला वर्षभर दुसरे होणार नव्हते. मोठ्या माणसांना विनंती, फटाके वडापासून लांब उडवा. मित्रांनो, पडलेल्या वटवाघळाला हात लावू नका आणि त्याने चावलेले फळ खाऊ नका.

वाशाचे भोक मी बुजवले नाही. बाबांनी बाकीच्या वाशांना रंग दिला, कारण रंगवलेल्या लाकडाला भुंगा सहसा लागत नाही. शेजारी एक वाळका ओंडका टांगला आहे. आता आजीच रोज विचारते, "काय रे, आला का तुझा भुंगा?"

— इयत्ता ७ वीचा विद्यार्थी