लहान स्टॉल, चोख हिशेब

मुंबईचे महालक्ष्मी सरस असो, पुण्याची भीमथडी जत्रा असो की तालुक्याच्या गावचे दोन दिवसांचे प्रदर्शन असो, गटाला स्टॉल मिळाला की बैठकीत आनंदीआनंद होतो. परत आल्यावर सगळ्याजणी विचारतात, "विक्री किती झाली गं?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. पुढचा अर्धा प्रश्न असा: सगळा खर्च वजा जाता गटाच्या हातात किती उरले? या पाठात तेच बघू. स्टॉल दोन टेबलांचा असला तरी चालेल, हिशेब मात्र निघण्याआधी झालेला हवा.

आधी वहीवर गणित

समजा, आपला गट शेंगदाण्याची चटणी घेऊन पाच दिवसांच्या प्रदर्शनाला चालला आहे. स्टॉलला भाडे नाही आणि राहण्याची सोय आयोजकांची आहे. २०० ग्रॅमचे पाकीट ८० रुपयांना विकायचे. शेंगदाणे, मिरची, लसूण, मीठ, पाकीट, लेबल आणि बनवणाऱ्या बायकांची मजुरी धरून एका पाकिटाला ५० रुपये पडतात. म्हणजे पाकिटामागे ३० रुपये सुटतात.

आता जाण्या-येण्याचा खर्च मांडा:

- दोघींचा प्रवास: २,००० रुपये
- मालाची वाहतूक: १,००० रुपये
- चहा-जेवण, रोज प्रत्येकी २०० रुपये: २,००० रुपये
- दोघींचा पाच दिवसांचा रोज, ३०० रुपयांप्रमाणे: ३,००० रुपये

एकूण ८,००० रुपये. पाकिटामागे ३० रुपये सुटत असतील तर हा खर्च भरून निघायलाच २६७ पाकिटे विकावी लागतात. म्हणजे दिवसाला साधारण ५४. त्यानंतरच्या पाकिटापासून खरी कमाई सुरू होते.

पाच दिवसांत ४०० पाकिटे गेली, तर गल्ला ३२,००० रुपयांचा. त्यातून माल २०,००० आणि खर्च ८,००० गेला की उरतात ४,००० रुपये. गल्ला बघून हुरळून गेलो आणि ३२,००० हीच कमाई समजून वाटणी केली, तर मालासाठी गटातून घेतलेले कर्ज फेडायचे कशातून?

बऱ्याच जणी आपला स्वतःचा रोज धरतच नाहीत. "आम्ही काय, घरच्याच" असे म्हणतात. पण पाच दिवस शेतातली मजुरी बुडते, घरचे काम दुसरीवर पडते. तो खर्चच आहे, तो लिहायचाच.

दहा रुपयांची सूट केवढ्याला पडते?

गिऱ्हाईक म्हणते, "ताई, सत्तरला द्या ना." आपल्यालाही वाटते, दहा रुपयांनी काय होते? वहीवर बघा. ७० रुपयांना विकले तर पाकिटामागे २० रुपयेच सुटतात. ४०० पाकिटांचे ८,००० झाले आणि खर्चही तेवढाच. हातात शून्य. पाच दिवस उभ्या राहिलो त्या फुकट.

म्हणून सूट किती द्यायची ते गावातच, बैठकीत ठरवा. एक पाकीट ८० रुपये, तीन घेतली तर २२५ असा भाव ठेवला, तर पाकिटामागे पाचच रुपये कमी मिळतात आणि एकाच गिऱ्हाइकाकडे तीन पाकिटे जातात. भावाची पाटी मोठ्या अक्षरात लावा. पाटी असली की घासाघीस कमी होते. मुदत भरपूर शिल्लक असलेला माल शेवटच्या दिवशी पडेल भावात काढू नका. परत आणा, आठवडे बाजारात जाईल.

दोन टेबलांची मांडणी

- पंधरा प्रकार नेऊ नका. जास्त खपणारे तीन-चारच न्या. गर्दीत लोक एक नजर टाकतात, त्या नजरेत माल कळला पाहिजे.
- गटाचे, गावाचे आणि मालाचे नाव डोक्याच्या उंचीवर लावा. टेबलापुढे लावलेला फलक गर्दीत झाकला जातो.
- कापडाखाली रिकामे खोके ठेवून दोन पायऱ्या करा. मागची पाकिटेही दिसतात. जादा माल टेबलाखाली.
- चव द्यायला भाकरीचे लहान तुकडे, झाकणाचा डबा आणि कोरडा चमचा ठेवा. हात घालून काही देऊ नका.
- लेबलवर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे ती तारीख, किंमत, शाकाहारी असल्याची हिरवी खूण, पत्ता, फोन आणि अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक असावा. नोंदणी नसेल तर निघण्याआधी प्रभागसंघात विचारून घ्या.

स्टॉलवर कोण काय करणार?

एकीने बोलायचे, दुसरीने पैसे बघायचे. दोघी एकाच वेळी जेवायला जाऊ नका. खुर्चीत बसून मोबाईल बघत असलो तर माणूस पुढे जातो. उभे राहा. "घ्या ना ताई" म्हणण्यापेक्षा "तिखट चालतं का तुम्हाला?" असे विचारा. उत्तर द्यायला माणूस थांबतो आणि तिथून बोलणे सुरू होते.

क्यूआर कोड गटाच्या खात्याचा लावा, कुणा एकीच्या घरच्या खात्याचा नको. हिशेबात गुंता होतो आणि मनातही. गिऱ्हाइकाने मोबाईलवर दाखवलेला फोटो म्हणजे पैसे आले असे नाही. आपल्या फोनवर संदेश आला किंवा यंत्र बोलले की मगच पिशवी हातात द्या. दहा-वीसच्या सुट्या नोटा घरूनच न्या. रोज संध्याकाळी सकाळचा माल, उरलेला माल, रोख आणि खात्यातली रक्कम जुळवून दोघींनी सही करा.

फोन नंबरांची वही

चटणी आवडलेल्या माणसाचा नंबर त्याला विचारून लिहून घ्या. नाव, राहण्याचे ठिकाण, काय घेतले, एवढे पुरे. आठ दिवसांनी एक छोटा निरोप पाठवा: चटणी कशी लागली, पुन्हा हवी असेल तर कळवा.

एखादा दुकानदार विचारील, "महिन्याला पन्नास किलो द्याल का?" आनंदाच्या भरात हो म्हणू नका. आपला गट महिन्याला किती किलो बनवू शकतो आणि ठोक भाव काय, हे निघण्याआधीच वहीत लिहिलेले असू द्या. वीस किलो होत असेल तर वीसच सांगा. "गटात बोलून दोन दिवसांत कळवते" हेही उत्तर चालते. कबूल केलेला माल वेळेवर गेला नाही, तर ते दुकान पुन्हा फोन करत नाही. पहिल्या ऑर्डरला थोडी रक्कम आगाऊ घ्या.

परत आल्यावर

पहिल्याच बैठकीत हिशेब मोठ्याने वाचून दाखवा: किती माल नेला, किती विकला, खर्च किती, उरले किती. ज्या गेल्या नव्हत्या त्यांचेही कष्ट त्या पाकिटात आहेत. कोणता माल आधी संपला, लोकांनी काय मागितले आणि आपल्याकडे नव्हते, तेही सांगा.

गटात करून बघा: येत्या बैठकीत आपल्या एका मालाचा खर्च काढा. एका नगामागे किती सुटते, खर्च भरून निघायला किती नग विकावे लागतील आणि सूट कुठपर्यंत द्यायची, हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. स्टॉलवर जाणाऱ्या दोघींना ते पाठ असू द्या.