थर्माकोलची भिंत काळ्या रानात टिकेल का?

प्रश्न : अंथुर्ण्यात (ता. इंदापूर) काळ्या रानात घर बांधतोय. थर्माकोल घातलेल्या काँक्रीटच्या भिंती टिकतील का? उन्हाळ्यात घर गार राहील का?

उत्तर : टिकतील. मात्र थर्माकोल दोन्ही बाजूंनी जाळी आणि काँक्रीटने पूर्ण झाकलेला हवा. नऊ इंची विटेच्या भिंतीच्या तुलनेत ५० मिलिमीटर थरामुळे आत शिरणारी उष्णता साधारण चौथाईवर येते. पण एकमजली घर जास्त तापते ते स्लॅबमुळे; त्यावरही असाच थर, वर वॉटरप्रूफिंग आणि पांढरे चायना चिप्स घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया पक्क्या मुरमापर्यंत न्या, प्लिंथ बीम सोडू नका. वायरिंगचे पाइप काँक्रीटआधीच बसवा. मागाहून भिंत फोडली की जाळी तुटते. आणि निदान सात दिवस पाणी मारा.