सुरुवात कोणी केली, ते आधी पाहा

ऑगस्ट २०२५ मध्ये, आपल्या परभणी जिल्ह्याच्या शेजारच्या हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचे आमंत्रण आले. ३० ऑगस्टची तारीख, अगत्याने यावे असा मजकूर आणि खाली पत्रिकेसारखी दिसणारी फाइल. ती उघडली आणि खात्यातून १ लाख ९० हजार रुपये गेले. पत्रिकेच्या नावाखाली आलेली ती एपीके फाइल होती, म्हणजे अँड्रॉइड फोनवर थेट अ‍ॅप बसवणारी. असे अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती एकदा मिळाली की बँकेचा ओटीपी आपल्या हाती राहत नाही. पीएम किसानच्या आणि आरटीओ चलनाच्या नावाने फिरणाऱ्या फाइलींचीही हीच तऱ्हा. नोकरी करणारा, रोज कागद वाचणारा माणूस यात सापडतो, तेव्हा ‘अडाण्यांनाच गंडवतात’ ही समजूत सोडून द्यावी लागते. ‘जनतेला संगणक साक्षर करा’ हा सल्लाही मला अपुरा वाटतो. फाइलींचे प्रकार दर महिन्याला बदलतात, ते पाठ करून कुणाचा निभाव लागणार? त्यापेक्षा एकच सवय धरावी. पैसे, खाते किंवा फोनमधली परवानगी यांच्याशी संबंधित काम आपण स्वतः सुरू केले असेल तरच पुढे न्यायचे. समोरून आले असेल, तर तिथेच थांबवून आपल्या ओळखीच्या वाटेने खात्री करायची.

सांगायला सोपी असली तरी ही सवय परभणी जिल्ह्यात अंगी बाणवणे अवघड आहे, आणि त्याचे कारण आपल्या भोळेपणात शोधू नये. पालम, सोनपेठ किंवा जिंतूर तालुक्यातल्या शेतकरी कुटुंबाचा वर्षाचा हिशेब पाहा. पीएम किसानचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत, नमो शेतकरी योजनेचे हप्ते वेगळे, घरातल्या बाईचे लाडकी बहीणचे पैसे, शिवाय अतिवृष्टीचे अनुदान आणि पीक विमा. प्रत्येक ठिकाणी आधार जोडा, ई-केवायसी करा, ओटीपी सांगा. केवायसी राहिली तर हप्ता अडकतो, हे लोक अनुभवाने शिकले आहेत. त्यामुळे ‘आज रात्री बारापर्यंत केवायसी करा, नाहीतर पैसे बंद’ असा निरोप आला की माणूस घाबरतो, आणि ती भीती खोटी नसते. भामट्याला ती नव्याने निर्माण करावी लागत नाही, आयती मिळते. ‘बिल भरले नाही, आज रात्री वीज तोडू’ हा महावितरणच्या नावाचा निरोपही त्याच भीतीवर चालतो. सरकारी खाती आणि बँका एकीकडे लिंक दाबू नका म्हणतात आणि दुसरीकडे स्वतःच लिंक पाठवतात. हे थांबले पाहिजे, असे मला तळमळीने वाटते. नागरिकाने सावध राहायचे असेल, तर खरा निरोप खोट्यासारखा दिसता कामा नये.

तोवर वाट आपणच धरायची. योजनेसाठी ‘जीओव्ही डॉट इन’ने संपणारा पत्ता स्वतः टाइप करावा, किंवा सेवा केंद्रात, तलाठ्याकडे, कृषी सहायकाकडे विचारावे. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधू नये, कारण तिथे खोटे नंबर पेरलेले असतात.

यावर लोक म्हणतात, निरोप तर ओळखीच्या माणसाकडून आला होता. पण बाधित फोनमधून तीच फाइल त्याच्या सगळ्या ओळखीच्यांना आणि गावाच्या ग्रुपवर आपोआप जाऊ शकते. पाठवणाऱ्याला पत्ताही नसतो. म्हणून नाव पाहून भागत नाही, फोन लावून त्याचा आवाज ऐकावा. ‘डिजिटल अरेस्ट’च्या धमकीलाही हाच नियम लावून पाहा. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितले होते. अशा कॉलवर पोलिसाचा गणवेश घालून बसलेला माणूस एकाच गोष्टीवर अडून असतो : फोन ठेवू नका, घरात कुणाला सांगू नका. कारण फोन ठेवून तुम्ही स्वतः पोलीस ठाण्यात विचारले की त्याचा खेळ तिथेच संपतो.

‘मोठ्या बँकाच लुटल्या जातात, तिथे आमची काय कथा?’ हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली, बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. पण तिथे हल्ला बँकेच्या यंत्रणेवर होता आणि ग्राहकांच्या ठेवींना धक्का लागला नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हा फरक स्पष्ट केला होता. दोष बँकेचा असेल तर ग्राहकावर बोजा नाही. दोष दोघांचाही नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही नाही. मात्र ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. चोर तुमच्याकडे वळतो, त्याचे कारण साधे आहे. बँकेची तिजोरी फोडण्यापेक्षा किल्ली तुमच्याच हातून घेणे स्वस्त पडते.

‘आमच्या खात्यात आहेच काय?’ असेही ऐकू येते. रिकाम्या खात्यालाही बाजार आहे. चोरीचे पैसे फिरवण्यासाठी कमिशनचे आमिष दाखवून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मागितले जाते. पुढे ते खाते गोठते, पोलीस दारात येतात, आणि पेरणीच्या तोंडावर आलेले अनुदानही त्यात अडकते.

घात झालाच, तर लाजेपायी गप्प बसण्यात सगळ्यात जास्त नुकसान आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात मिनिटांत सरकतात, मधल्या खात्यात असतानाच ते रोखता येतात. संशयित अ‍ॅप बसले असेल तर फोन विमान मोडवर टाकून दुसऱ्याच्या फोनवरून आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लावावा, लगेच बँकेला सांगून खाते आणि कार्ड बंद करून घ्यावे, मग तोच तपशील ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर नोंदवावा. आलेला निरोप पुरावा आहे, तो पुसू नये. त्याचे दुसऱ्या फोनने फोटो काढावेत आणि त्यानंतरच फोन रीसेट करावा. शाखेत तोंडी सांगून परत येऊ नये. तारीख, वेळ घालून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. बँक बहुतेकदा तुमच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवील. पण रिझर्व्ह बँकेच्या त्याच २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली होती, आणि तक्रार ९० दिवसांत निकाली काढायला सांगितले होते.