चढ पाहून तारखा ठरव

जानकीपुरम, लखनौ

चि. सोनूस मामाचे अनेक आशीर्वाद.

काठगोदाम ते मुनस्यारी सायकलने जायचा तुझा बेत आणि सोबतचा तक्ता मिळाला. पहिल्याच मोठ्या दौऱ्याला लेहऐवजी कुमाऊं निवडलेस, हे फार बरे केलेस. मनाली-लेह रस्त्यावरची तांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर आहे. पाय कितीही तयार असले तरी तिथली विरळ हवा माणसाला खाली बसवते. मुनस्यारी २,२०० मीटरवर आहे, तिथे तो घोर नाही. तक्ता मात्र मला पसंत नाही. रोज ८० किलोमीटर असे तू सरसकट मांडले आहेस. सोलापूर रस्त्याला तो हिशोब चालेल, डोंगरात चालायचा नाही.

रस्ता नीट बघ. काठगोदाम साडेपाचशे मीटरवर आणि तीसेक किलोमीटरवरचे भवाली साडेसोळाशेच्या आसपास. म्हणजे पहिल्याच सकाळी जवळजवळ दोन सिंहगड, तेही सामानासकट. भवालीहून खैरन्याला कोसीपर्यंत उतरायचे, की पुन्हा अल्मोड्याचा चढ. अल्मोड्यापुढे सेराघाटला शरयूवर खाली, तिथून बेरीनागला वर, मग थलला रामगंगेवर परत खाली. कमावलेली उंची प्रत्येक नदीवर सोडून द्यावी लागते. काठगोदाम आणि मुनस्यारीच्या उंचीत फरक आहे साडेसोळाशे मीटरचा, पण प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून जास्त चढावे लागते. आणि सगळ्यांत खडा भाग शेवटी येतो. बिर्थीच्या धबधब्यापासून कालामुनीपर्यंत, म्हणजे सुमारे २,७०० मीटरपर्यंत, उसंत अशी नाहीच. आदल्या रात्री बिर्थीलाच राहा. दुसऱ्या दिवसासाठी तीस-पस्तीस किलोमीटर पुरेत.

मुनस्यारीच्या वर जोहार खोरे आहे. तिथल्या मिलमचे नैनसिंह रावत ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्यासाठी वेष पालटून १८६६ मध्ये ल्हासाला पोचले. अंतर मोजायला त्यांच्याकडे स्वतःची पावले होती आणि एक जपमाळ, १०८ ऐवजी १०० मण्यांची. ठरावीक पावलांना एक मणी सरकायचा. चढ असो, उतार असो, पाऊल तेवढ्याच लांबीचे टाकायचे, असा सराव त्यांना होता. तू त्यांच्याच मुलखात जाते आहेस, तेव्हा पॅडलचा ठेका तसाच राख. चढ लागल्यावर दात-ओठ खाऊन गिअर बदलू नको, चढ दिसताच बदल. मागच्या कॅसेटचे मोठ्यात मोठे चक्र पुढच्या लहानात लहान चक्राएवढे तरी हवेच. नसेल तर पुण्यातच बदलून घे. या एका खर्चात काटकसर करू नको.

उतारावर ब्रेक एकसारखा दाबून ठेवायचा नाही. रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी वेग मार आणि ब्रेक सोडून वळ. ब्रेक पॅडचा जादा जोड जवळ असू दे.

जुलै-ऑगस्टमध्ये निघायचा विचारही नको, त्या दिवसांत दरडी कोसळतात. ऑक्टोबर उत्तम, पंचाचूलीची शिखरे तेव्हा स्वच्छ दिसतात. फक्त दिवस लवकर मावळतो, म्हणून चारच्या आत मुक्कामाला पोच. दोन दिवस मोकळे ठेव. ते न ठेवल्यामुळेच माणसे अंधारात, पावसात, ताप अंगावर काढून सायकल हाणतात, आणि मला तुझी भीती वाटते ती याचीच. रस्ता बंद असेल किंवा अंग मोडून आले असेल, तर सायकल जीपच्या टपावर टाकून पुढे जा किंवा सरळ मागे फिर. त्यात कमीपणा मुळीच नाही.

वाटेत दगडात बांधलेले झरे लागतील, त्यांना तिकडे नौला म्हणतात. गावे त्यांना पवित्र मानतात. तिथे पाणी भरून घे, पण सायकल किंवा कपडे धुऊ नको. रस्ता विचारताना वडीलधाऱ्या पुरुषाला ‘दाज्यू’ म्हण, बायकांना ‘दीदी’.

आठवडाभर आधी इकडे ये. पेटीतली सायकल घरी जोडू आणि सगळे सामान लादून कुर्सी रोडवर रोज चालव. इथे चढ म्हणजे उड्डाणपूल, त्यामुळे दम वाढणार नाही. तो सिंहगडावरच वाढवून ये. पण खोगीर टोचते का, पिशव्या एका बाजूला ओढतात का, हे सपाटीवरही कळते. मग रात्री लखनौहून गाडीत बसलीस की सकाळी काठगोदाम.

तक्ता नव्याने मांड. किलोमीटरच्या शेजारी रोजच्या चढाचे मीटर लिही आणि पाठव. तो पाहूनच मी आईची समजूत काढीन.

तुझा,
मामा