सेनिओकाठचा शिपाई

जुन्नर तालुक्यातील येडगाव येथे कुकडी नदीवर धरण आहे. तेथून शिवनेरी किल्ला फार दूर नाही. शिवछत्रपतींचे अनेक मावळे याच भागातील शेतकरी होते. पेरणी-कापणीच्या दिवसांत ते शेतात राबत आणि हाक येताच मोहिमेवर निघत. नांगर आणि तलवार एकाच घरात नांदण्याची ही रीत पुढेही अनेक पिढ्या टिकली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात आपले ४६ पुत्र गमावले. तरीही त्या गावातील घराघरांतून तरुण सैन्यात जातच राहिले.

येडगावाहून पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेकडे गेले की संगमनेर तालुका लागतो. त्या तालुक्यातील निमज या खेड्यात १८ नोव्हेंबर १९२१ रोजी नामदेव जाधव यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लक्ष भारतीय सैन्यात होते. नामदेव हे त्यांपैकीच एक. ते मराठा पलटणीत शिपाई झाले आणि पलटणीबरोबर समुद्रापलीकडे इटली देशात गेले. घरच्या माणसांनी त्या देशाचे नावही पूर्वी ऐकले नसेल! दूरदेशी गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट पाहणे, एवढेच अशा घरांच्या हाती असे.

इटलीत सेनिओ नावाची नदी आहे. लढाई झाली तेथे तिचे पात्र अवघे पंधरा फूट रुंद होते. पाणी चार-पाच फूट खोल. परंतु दोन्ही काठांवर तीस-पस्तीस फूट उंचीचे उभे बांध होते. त्या बांधांच्या पोटात जर्मन सैनिक मशीनगन घेऊन दडून बसले होते आणि पाण्यालगत सुरुंग पेरलेले होते.

९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी मराठा पलटणीने हल्ला चढविला. तेवीस वर्षांचे नामदेव कंपनीचे निरोप्ये होते. त्यांची तुकडी नदी ओलांडून पश्चिम तीरावर चढू लागली, तोच मागील पूर्वेच्या बांधातून गोळ्यांचा वर्षाव झाला. बहुतेक सोबती जागीच पडले; काही जखमी झाले. नामदेव मात्र सुखरूप होते.

आता काय करावे? आडोसा शोधून जीव वाचविणे शक्य होते. परंतु नामदेवांनी एका जखमी सोबत्याला उचलले, ते पाण्यातून परत आले आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढीत तो उभा बांध चढले. सोबत्याला सुरक्षित जागी पोहोचवून ते पुन्हा नदीत उतरले व दुसऱ्या जखमीलाही घेऊन आले. दोन्ही खेपांना तोफगोळे आणि गोळ्या त्यांच्याभोवती कोसळत होत्या.

सोबत्यांच्या मृत्यूचे शल्य त्यांच्या मनात होते. शिवाय मागून येणाऱ्या तुकड्यांपुढेही तेच संकट उभे होते. म्हणून ते तिसऱ्यांदा बांध ओलांडून धावले आणि टॉमी गनने त्यांनी पहिले ठाणे बंद पाडले. इतक्यात त्यांच्या हाताला गोळी लागली. बंदूक चालविणे अशक्य झाले, तेव्हा ती टाकून देऊन त्यांनी हातबाँब घेतले आणि आणखी दोन ठाणी निकामी केली. मग बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना केली व उरलेल्या सैनिकांना हातांनी खुणावून पलीकडे बोलाविले.

या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. त्याच दिवशी, त्याच नदीवर दाखविलेल्या शौर्याबद्दल अली हैदर या पठाण शिपायालाही हेच पदक मिळाले. पुढे स्वतंत्र भारताच्या सैन्यातही नामदेवांनी सेवा केली व ते हवालदार झाले. २ ऑगस्ट १९८४ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

इटलीच्या भूमीवर साडेपाच हजारांहून अधिक भारतीय सैनिकांनी देह ठेवला. त्यांच्या घरची माणसे वाट पाहतच राहिली. ज्या दोन घरांचे पुत्र नामदेवांनी वाहून आणले, त्यांना मात्र तो दिवस पदकाहूनही मोलाचा वाटला असेल. मुलांनो, शत्रूवर चालून जाण्यापूर्वी या शिपायाने आपल्या पडलेल्या सोबत्यांना खांदा दिला, हे तुम्ही ध्यानात ठेवा.

स्वाध्याय
१. सेनिओ नदी अरुंद असूनही ती ओलांडणे कठीण का होते?
२. नामदेव तिसऱ्यांदा बांधापलीकडे का गेले?
३. तुमच्या गावातील माजी सैनिकाला भेटा व त्यांच्या घरच्या माणसांनी ते दिवस कसे काढले, ते विचारून लिहा.