कळसूत्री हात: बोटांमागची मोटर कशी निवडाल?

डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या जरा खाली धरा आणि उजव्या हाताची बोटं उघडमीट करा. मुठीत काय हलतंय ते दिसतंच, पण ताकद कुठे लागते ते डाव्या हाताला कळतं. बोटं मिटवणारे जोरकस स्नायू बोटांत नसतात, कोपराखाली असतात. बोटांपर्यंत पोचतात त्या फक्त दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध. आपला हात हा एका अर्थी पिंगुळीच्या ठाकर कलाकारांच्या कळसूत्री बाहुलीसारखाच आहे: बाहुली हलकी, ओढणारा मागे.

घरी यांत्रिक हात करणारे बहुतेक जण आधी मोटरी आणतात आणि मग त्या कुठे बसतील ते शोधतात. मीही तेच केलं होतं. नऊ ग्रॅमचे निळे सर्वो (ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरी) तळव्यात कोंबले, भरलेलं फुलपात्र उचलायला लावलं आणि ‘कर्र’ आवाज करत आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दात गेले. दोष सर्वोचा नव्हता. हिशेब उलट्या टोकाने केला होता. खालची कृती सुलट्या टोकाने आहे: आधी वस्तू, शेवटी मोटर.

लागणारं साहित्य: मोजपट्टी, हुकाचा वजनकाटा, ब्रेडेड फिशिंग लाइन, टेफ्लॉनची बारीक नळी, बादली, कागद-पेन्सिल. मोटरी अजून आणू नका.

१. काय उचलायचं ते ठरवा.
‘सगळं’ हे उत्तर चालणार नाही. आपण पाण्याने भरलेलं फुलपात्र घेऊ: ३०० ग्रॅम. एका बाजूने अंगठा, दुसऱ्या बाजूने तीन बोटं. करंगळी हिशेबाबाहेर.

२. पकड किती घट्ट हवी ते काढा.
फुलपात्र घर्षणावर टिकतं. बोटांच्या टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, तर कोरड्या स्टीलवर घर्षणांक ०.५ धरायला हरकत नाही. घर्षण दोन्ही बाजूंनी मिळतं, म्हणून प्रत्येक बाजूने ३०० ग्रॅमचा दाब पुरतो. हात ओला असेल, झटका बसेल, म्हणून दुप्पट धरा: ६०० ग्रॅम. नुसतं गुळगुळीत प्लास्टिक ठेवलंत तर हा आकडा आणखी दुपटीच्या घरात जातो. पाच रुपयांच्या रबराने मोटर निम्मी होते, हे लक्षात ठेवा.

तीन बोटांत ६०० वाटले की प्रत्येकी २०० ग्रॅम. समोर अंगठा एकटाच, त्याच्या वाट्याला पूर्ण ६००.

३. दोरीवरचा ताण काढा.
बोट ८ सेंमी लांब आहे आणि दोरी मुळाच्या सांध्याच्या मध्यापासून ०.८ सेंमीवरून जाते, असं धरू. टोकाला २०० ग्रॅम दाबायचे तर तरफेच्या हिशेबाने दोरीला दहापट, म्हणजे २ किलो ओढावं लागतं. दोरी ज्या टेफ्लॉनच्या नळीतून जाते तिच्यातल्या घर्षणासाठी दीडपट: ३ किलो. बोट उघडायला मागून इलॅस्टिक लावलं असेल तर मोटरला त्याच्याशीही झुंजावं लागतं, त्याचा अर्धा किलो मिळवा. एकूण ३.५ किलो.

अंगठा ६ सेंमी लांब आणि दोरी ०.९ सेंमीवर धरली, तर ४ किलो. दीडपट करून इलॅस्टिक मिळवलं की ६.५.

हे दीडपट फार विश्वासाने घेऊ नका. एक बोट आधी जोडून दोरीला हुकाचा काटा लावा आणि ओढून पाहा. नळीला जितकी वळणं, तितकं घर्षण जास्त. दोरी नायलॉनच्या एकेरी तारेची नको, ती ताणली जाते आणि पकड सैल पडते.

४. दोरी किती सरकते ते मोजा.
बोट सरळ असताना दोरीवर पेनने खूण करा, पूर्ण मिटवा, पुन्हा खूण करा. वरच्या मापाच्या बोटाला साधारण २.६ सेंमी लागतात, अंगठ्याला २.

५. कप्पीची त्रिज्या ठरवा.
दोरी सर्वोवर बसवलेल्या कप्पीला गुंडाळली जाते. सर्वो अर्धा फेरा फिरला तर कप्पीच्या त्रिज्येच्या ३.१४ पट दोरी ओढली जाते. १ सेंमी त्रिज्येची कप्पी ३.१ सेंमी ओढते. बोटाला पुरेशी. अंगठ्याला ०.७ सेंमीची चालते: २.२ सेंमी. काही सर्वो पूर्ण १८० अंश फिरत नाहीत, म्हणून हातातला नमुना मोजूनच कप्पी कापा.

६. आता मोटरचा आकडा काढा.
सर्वोच्या माहितीपत्रकात ताकद ‘किलो-सेंमी’मध्ये असते. ताण गुणिले त्रिज्या, एवढंच गणित. बोट: ३.५ × १ = ३.५. पण पत्रकातला आकडा मोटर अडून थांबते त्या क्षणाचा असतो. तिथे रोज काम घेतलं तर ती जळते. म्हणून निदान दुप्पट घ्या: ७ किलो-सेंमी.

अंगठ्याला १ सेंमीची कप्पी लावली असती, तर दुप्पट धरून १३ लागले असते. ०.७ च्या कप्पीने ९.१ वर भागतं. मोटर बदलण्याआधी कप्पी बदलून पाहा, ती बरीच स्वस्त असते.

७. पर्याय ताडून पाहा.
एसजी९०: ९ ग्रॅम, १.८ किलो-सेंमी. इशारे करणाऱ्या हाताला छान, फुलपात्राला नाही. एमजी९९६आर: ५५ ग्रॅम, धातूचे गिअर, ४.८ व्होल्टला ९.४ आणि ६ व्होल्टला ११. पाचही ठिकाणी हाच बसतो. पाचांचं वजन २७५ ग्रॅम, म्हणून जागा कोपराखालीच. फ्रेंच शिल्पकार गाएल लांजव्हँ यांच्या इनमूव्ह या खुल्या आराखड्यातही बोटांचे सर्वो तिथेच आहेत.

तापवली की आखडणारी नायटिनॉलची तार मोहक वाटते, पण ती लांबीच्या सुमारे ४ टक्केच आखडते. २.६ सेंमीसाठी ६५ सेंमी तार हवी, आणि ती थंड होईपर्यंत बोट उघडत नाही. हवेचे स्नायू जोरकस असतात, पण सोबत कॉम्प्रेसर येतो. वस्तू बराच वेळ धरून ठेवायची असेल तर स्क्रूवर चालणारी छोटी गिअर-मोटर बघा. तिची पकड वीज न खाता टिकते, मात्र वीज गेली तर उघडतही नाही.

८. पैसे वाचवायचे असतील तर दोन बोटं एका मोटरवर घ्या.
मोटरची दोरी एका छोट्या दांडीच्या मध्यावर बांधा आणि दोन टोकांना दोन बोटांच्या दोऱ्या. एक बोट आधी टेकलं की दांडी तराजूसारखी कलते आणि दुसरं मिटत राहतं. अर्थात या मोटरला दोन्ही बोटांचा भार एकत्र मोजावा लागेल.

९. एकच आणा आणि बादलीने तपासा.
पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पहिल्या फेरीत एकच सर्वो घ्या. नावाजलेल्या मॉडेलच्या नकला भरपूर असतात. सर्वो टेबलाच्या कडेला पक्का करा, १ सेंमीच्या कप्पीवरून बादली सोडा. बादलीसकट ३.५ किलो होईल एवढं पाणी ओता आणि मिनिटभर धरून ठेवा. मग सर्वो किती तापला ते स्वतःचं बोट लावून पाहा. बोट ठेवता येत नसेल, तर तो सर्वो घेऊ नका.

१०. वीज वेगळी द्या.
अडलेला एमजी९९६आर ६ व्होल्टला अडीच अँपिअरपर्यंत खेचतो, पाच मिळून साडेबारा. सर्वोंना हुकूम देणाऱ्या आर्डुइनो बोर्डच्या पाच व्होल्टच्या पिनवर हे चालत नाही. बोर्ड दर पकडीला रीसेट होतो आणि आपण तासभर प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतो. १५ अँपिअरच्या वरचा स्वतंत्र पुरवठा घ्या, त्याचा आणि बोर्डचा ग्राउंड एकत्र जोडा.

कागदावरचे आकडे तुमच्या बोटांच्या मापाने बदलतील, क्रम बदलू देऊ नका. आणि तपासणीत पास झालेला सर्वो मिळाला की त्याच दुकानातून पाच नव्हे, सहा घ्या. अंगठ्याचा सर्वो सगळ्यात आधी जातो.